उडवीतली वही

लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं की पोलादपुरात एक कोरडा, गोडसर वास सुटतो. ओल्या मातीचा नव्हे. त्याचं कौतुक पुष्कळ झालंय. हा पेंढ्याचा वास. अंगाला खाज आणणारा, नाकात हुळहुळणारा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा लागणारा. तो आला की लोकांना नव्या तांदळाची भाकरी आठवते. मला एक वही आठवते. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, आणि आत भाताची कुसळं अडकलेली. शिवाय माझा गुडघा दुखायला लागतो, पण तो हल्ली बाराही महिने दुखतो, त्यामुळे त्याचं श्रेय ऋतूला देता येत नाही.

यंदाही वास आला. खिडकीत बसल्या बसल्या लक्षात आलं, स्मरणाचा रविवार दोन आठवड्यांवर आलाय. म्हणजे मुलांना पुन्हा तोच धडा शिकवायचा. माणूस मरतो म्हणजे काय होतं, गेलेली माणसं कुठं असतात, आपण त्यांची नावं का घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर वजाबाकी शिकवली आणि दर रविवारी महाडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये शब्बाथशाळा घेतली. वजाबाकी शिकवताना मी कधी दमले नाही. हा एक धडा मात्र दरवर्षी मला पार पिळून काढतो. मुलं विचारतात, मी उत्तर देते, आणि घरी येऊन चहा न करताच आडवी होते.

आमची मंडळी तशी चिमूटभर. महाडात काही घरं, पोलादपुरात चार-पाच. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार आम्ही आपले आपण चालवतो. सकाळच्या एसटीने मी महाडला जायची ती पोलादपुरातली दोन-तीन मुलं बरोबर घेऊन. खिडकीच्या जागेवरून त्यांची भांडणं, कोणाला तरी गाडी लागणं, माझ्या पिशवीत चित्रांचा फलक आणि आल्याच्या वड्या. लोक विचारायचे, "बाई, शाळेची ट्रीप का?" मी म्हणायची, हो, दर आठवड्याला एकाच जागी.

तर ती वही. आमच्यात एक रीत आहे. उपासनेच्या मध्यावर आजाऱ्यांची आणि प्रवासात असलेल्यांची नावं वाचतात आणि मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. दर रविवारी नवं पान, वर तारीख, खाली नावं. नावापुढे थोडक्यात कारण: ताप, बाळंतपण, मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला. मोठी माणसं नावं वाचताना घसा साफ करत बसतात, म्हणून मीच एकदा ठरवलं की नावं मुलांनी लिहायची आणि मुलांनीच वाचायची. लहान आवाजातलं नाव ऐकायला बरं वाटतं. मुलांनाही आपण काहीतरी महत्त्वाचं करतोय असं वाटायचं. लिहिताना चुकलं तर काय करायचं, तेही मी शाळेतल्यासारखंच शिकवलं होतं: गिचमिड करायची नाही, पट्टी धरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. चूक झाकायची नसते, दाखवायची असते, असंही वर ऐकवायची. बाईंना असलं बोलायला आवडतं.

सगळ्यांत सुरेख वाचायची ती कृपा. तेव्हा तिसरीत होती. शमुवेल आणि मार्थाची एकुलती एक. शमुवेल टेम्पो चालवतो. महाडच्या कारखान्यांतला माल आंबेनळी घाटातून वर न्यायचा आणि येताना भाजी घेऊन उतरायचं. पोलादपुराच्या टोकाला चंद्राकाकीच्या खळ्यालगत त्यांची भाड्याची खोली. मार्था हसरी होती, गाणं म्हणताना सुरात नसायची आणि तिला त्याची मुळीच लाज नव्हती. होळीच्या सुमारास तिचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडं गेली होती. मग महाड, मग मुंबई, मग परत महाड. वहीत तिचं नाव आलं ते तेव्हा, आणि पुढे प्रत्येक रविवारी येत राहिलं. मार्था, आजारी. मार्था, आजारी. मार्था, मुंबईला. कृपाच ते वाचायची. आईचं नाव आलं की ती मान थोडी वर करून जरा मोठ्याने वाचायची, देवाला नीट ऐकू जावं म्हणून.

श्रावणात मार्था गेली.

दफनाच्या दिवशी असा पाऊस होता की छत्री धरणं हा नुसता उपचार. आमची दफनभूमी महाडच्या बाहेर, सखल जागी. खड्डा खणायचा की पाणी भरायचं. चौघेजण बादल्यांनी तांबडं पाणी उपसत होते, पाळकसाहेब पुस्तक पदराआड धरावं तसं कोटात धरून उभे होते, आणि शमुवेल कुणाकडेच बघत नव्हता. कृपा माझा हात धरून. तिने विचारलं, "बाई, आईला पाण्यात ठेवणार?" मी म्हटलं, नाही गं, पाणी काढतायत ना. मग ती गप्प झाली. लहान मूल गप्प बसलं की मला सहन होत नाही. काहीतरी बोलून ती शांतता भरून काढायची मला खोड आहे. मी वाकून म्हटलं, "रडू नको बाळा. तुझी आई फार गुणी होती ना? देवाला आवडली, म्हणून त्याने नेली."

ती रडतही नव्हती. रडत मीच होते.

हे वाक्य काही मी घडवलेलं नाही. आमच्याकडे ते सगळ्यांच्याच तोंडी असतं, देव कुठलाही असो. आमचे हे गेले तेव्हा मलाही एका बाईंनी हेच ऐकवलं होतं, आणि त्या बाईंना हाताला धरून दाराबाहेर काढावं असं मला वाटलं होतं. तरी पाळी आली तेव्हा तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. विहिरीत पोहरा टाकला की पाणी यावं, तितक्या सहज. विचार करून बोलण्याइतकं त्राण त्या दिवशी नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे, आणि त्याने काही भरून निघत नाही.

त्यानंतर कृपा बिघडली. दुसरा शब्द मला तेव्हा सुचला नव्हता. वर्गातली शहाणी मुलगी प्रार्थनेत डोळे मिटायचं सोडून मोठ्याने हसायला लागली. फलकावरच्या चित्रातल्या मेंढरांचे पाय तिने कात्रीने कापले. एका रविवारी शमुवेल चर्चला आलाच नाही. त्याच्या दोन्ही चपला सापडेनात. दोन दिवसांनी त्या न्हाणीच्या मोरीत निघाल्या. पुढच्या आठवड्यात त्याचं बायबल पिठाच्या डब्यात. शमुवेल मला म्हणाला, "बाई, मारू तरी कसं? आईविना पोर." मी म्हटलं, मारू नकोस, मी बोलते तिच्याशी. आणि बोलले म्हणजे काय, तर रागावले. तुझ्या आईला हे आवडलं असतं का, वगैरे. ती माझ्याकडे बघून जीभ काढून पळाली. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं मुलं हाताळून मला कळत नाही असं काही उरलंय, हे मान्य करायला मी तयार नव्हते.

मग पितृपक्ष आला. चंद्राकाकीने कौलांवर केळीच्या पानात घास ठेवला होता आणि श्राद्धाला जमलेली माणसं माना वर करून कावळ्याची वाट बघत होती. चंद्राकाकी सत्तरीची, दोन मुलगे मुंबईत, शेती एकटीच्या हिमतीवर. मी रस्त्याने जात होते. कावळा आला, शिवला, आणि काकीचा चेहरा सैल झाला. मला म्हणाली, "पोचलं हो बाई. तुमच्यात कावळा नाय, मग तुमाला कसं कळतं, मानूस पोचला का नाय?"

"आम्ही विश्वास ठेवतो, काकी."

"म्हंजे कळत नाय," काकी म्हणाली. टोमणा नव्हता, तिला माझी खरंच कीव आली होती. तिच्या पायरीवर कृपा बसली होती, हातात बापाचा जुना मोबाईल घेऊन. घाटात रेंज जाते. वर पोचला की शमुवेल फोन करायचा, आणि तोवर ती तो मोबाईल खाली ठेवत नसे. शाळेतून आली की दप्तर टाकून तिथंच बसायची. कावळा शिवल्याचं तिने पाहिलं आणि मान फिरवली.

आज विचार करते तेव्हा सगळं समोर मांडलेलं दिसतं. मेंढरांचे कापलेले पाय, मोरीतल्या चपला, तो मोबाईल. एखाद्या मंद मुलालाही ही बेरीज जमली असती. पण त्या दिवसांत मी फार थकलेली होते. त्या पावसाळ्यात आम्ही मंडळीतली तीन माणसं पुरली होती. माझा गुडघा बदलायला सांगितला होता. घरी बोलायला कोणी नव्हतं आणि बाहेर सगळ्यांना माझ्याकडून दिलासा हवा होता. दिलासा देऊन देऊन माणूस आतून कोरडं होतं, आणि कोरड्या माणसाला दुसऱ्याची तहान दिसत नाही. ही सबब नाही. तेव्हा असं होतं, एवढंच सांगतेय.

ऑक्टोबरात एका रविवारी वही नाहीशी झाली. शनिवारी ती माझ्या पिशवीत होती, रविवारी महाडला उतरल्यावर पाहते तर नाही. मी एसटी धुंडाळली, कंडक्टरला पिडलं, उंदरांवर आळ घेतला. शेवटी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहिली आणि कागद कृपासमोर धरला, कारण वाचणार तर तीच. तिने पहिलंच नाव पाहिलं. शमुवेल, घाटात. ती पांढरी पडली. "मी नाय वाचणार," म्हणाली, आणि उपासना अर्धी टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी कपाळाला हात लावला आणि स्वतःच सगळी नावं वाचली. शेवटचं नाव माझंच होतं: बाई, गुडघ्याचं ऑपरेशन. आपलंच नाव आपल्या तोंडाने देवापुढे वाचताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

स्मरणाच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी चंद्राकाकीच्या खळ्यावर झोडणी लागली होती. कापलेल्या भाताच्या पेंढ्या खळ्यावर गोल रचून ठेवतात, कणसं आत आणि बुडखे बाहेर, त्या ढिगाला आमच्याकडे उडवी म्हणतात. माणसं उडवीतून एकेक पेंढी ओढत होती, फळीवर आपटत होती, दाणे सरसर खाली पडत होते. दुपार टळली होती. काकी घरासमोर येऊन मला हाक मारत उभी राहिली, डोक्याला पेंढ्याचे तुकडे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी.

"ओ बाई, ही तुमची वही काय? माझ्या उडवीत गावली. आत पार पोटात खुपसलेली. कोन कशाला ठेवंल गो तिथं?"

मी तिथंच ओट्यावर बसून वही उघडली. शेवटच्या पानावर, म्हणजे हरवण्याच्या आदल्या रविवारच्या पानावर, प्रत्येक नावावर एकेक रेघ होती. पट्टी धरून मारलेली, सरळ, मी शिकवल्यासारखी. खालची नावं वाचता येत होती. दोन नावं मात्र वाचता येत नव्हती. ती काळ्या पेनाने इतकी गिरबटली होती, पुन्हा पुन्हा, दात ओठ खाऊन, की कागदाला भोकं पडली होती. जागेवरून मी ओळखलं. एक शमुवेलचं होतं. दुसरं माझं.

मी मागची पानं उलटली. होळीपासून श्रावणापर्यंत, पानामागून पान, कृपाच्याच अक्षरात मार्था, मार्था, मार्था. त्या पानांना तिने हात लावला नव्हता.

मग मला कळलं. जिचं नाव ती दर रविवारी मान वर करून वाचत होती तिला देवाने नेलं, आणि बाईंनी स्वतः सांगितलं होतं की आवडली म्हणून नेलं. मग देवाला आवडायचं नाही, कोणीच नाही. वेडंवाकडं वागायचं. बापाला चर्चला जाऊ द्यायचं नाही, त्याचं बायबल लपवायचं. आणि वहीतली नावं देवाच्या कानावर पडू द्यायची नाहीत. एवढ्याशा पोरीने तीन महिने एकटीने देवाशी लढाई मांडली होती, आणि जी दोन माणसं तिला काहीही झालं तरी सोडायची नव्हती त्यांत एक मी होते. मी, जिला ती जीभ दाखवून पळत होती.

मी गुडघा ओढत खळ्यावर गेले. कृपा उडवीच्या मागे बसली होती. माझ्या हातात वही पाहून ती उठली नाही, पळालीही नाही. तिचा चेहरा एखाद्या म्हातारीसारखा दमलेला होता, आणि आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा तसा दिसू नये. मी शेजारी पेंढ्यावर बसले.

"बाई, तुमचं नाव परत लिहू नका," ती म्हणाली.

"का गं?"

"ऑपरेशनला जानार ना तुमी." मग पेंढीतली एक काडी सोलत, "आईचं मीच वाचायचे. मोठ्यानं वाचायचे. मी नसतं वाचलं तर त्याला कळलंच नसतं."

त्या क्षणी मला माझी लाज वाटली, तशी त्याआधी किंवा नंतर कधी वाटलेली नाही. एवढंच मला ठाऊक होतं की आधीचं सांगितलेलं आधी मागे घ्यायला हवं. मी तिच्या खिशातलं पेन मागितलं, वहीचं कोरं पान काढलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: देवाला आवडली म्हणून देवाने नेली. खाली सही केली. मग म्हटलं, "पट्टी आहे?" पट्टी नव्हती. मी एक सरळ काडी घेतली, ती धरून त्या वाक्यावर एक रेघ मारली.

"हे मी तुला सांगितलं होतं. ते चुकलं. बाई चुकल्या."

ती त्या रेघेकडे बघत राहिली. शिक्षक चुकतात हे तिला नवीन असावं. माझ्याकडून तर नक्कीच.

"मग नेली कोनी?"

"कोणी नेली नाही. आजाराने गेली. तिची मूत्रपिंडं बिघडली होती, डॉक्टरांनी प्रयत्न केले, नाही जमलं. तू नाव वाचलंस म्हणून काही झालं नाही. तू वाचत होतीस तेव्हा ती अंथरुणावर पडून शमुवेलला विचारायची, आज कृपाने माझं नाव वाचलं का? मला त्याने सांगितलंय." हे खरं होतं, आणि इतके महिने मी ते तिला सांगितलं नव्हतं.

"मग प्रभूने बरी का नाय केली?"

तीस वर्षं मी या प्रश्नाला फलकावरच्या चित्रांनी उत्तर देत आले होते. त्या दिवशी चित्रं जवळ नव्हती. मी म्हटलं, "मला माहीत नाही, कृपा. खरंच माहीत नाही." आणि मग तिला ती गोष्ट सांगितली जी मी तिला आधी दहा वेळा सांगितली होती, पण नेहमी घाईने. प्रभूचा मित्र मरतो, चार दिवसांनी प्रभू त्याच्या कबरेपाशी जातो, आणि तिथं उभा राहून रडतो. हा भाग मी नेहमी एका वाक्यात उरकायची, कारण मुलांना पुढचा चमत्कार ऐकायचा असतो. खरं तर घाई मलाच असायची. "त्याला मरण आवडलं असतं तर तो रडला असता का? आईच्या वेळी पाऊस होता ना, आपण सगळे भिजत उभे होतो. तोही तिथंच उभा होता, भिजत. मला तसं वाटतं."

फळीवरची झोडणी थांबली होती. चंद्राकाकी सूप हातात घेऊन आमच्यापाशी उभी राहून केव्हापासून ऐकत होती. "रडला?" तिने विचारलं. "तुमचा देव?"

"हो, काकी."

"मग मानसातला हाय," ती म्हणाली, आणि सुपातलं भात वाऱ्यावर धरलं.

कृपाला मात्र पुढचं आठवलं. "मग प्रभूनं त्या मित्राचं नाव घेतलं. आणि तो जिवंत होऊन बाहेर आला."

"हो. नाव घेतलं ते बाहेर बोलवायला. न्यायला नव्हे."

"आईचं घेतलं नाय अजून."

"नाही. अजून नाही."

"घेईल?"

मी हो म्हटलं. माझा विश्वास आहे तो एवढाच, आणि तो सुद्धा कधी कधी फार दमतो. पण ते हो मी मन भरून म्हटलं. मग ती रडली. श्रावणापासून साठलेलं सगळं रडली, माझ्या साडीला नाक पुसत, कुसळं टोचत असताना. काकीने खळ्यावरच्या माणसांना हाताने खूण करून काम थांबवायला लावलं होतं. झोडणीच्या दिवशी, ऊन उतरायला लागलं असताना, एवढा वेळ काम थांबवणं शेतकऱ्याला केवढ्याला पडतं ते मला कळतं. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही.

शनिवारी आम्ही दफनभूमी साफ करायला गेलो. पावसाळ्यानंतर तिथं गवत कमरेला लागतं. पुरुष विळ्याने ते कापतात, बायका कबरी झाडतात, मुलं डब्यात चुना कालवून क्रूसांना लावतात आणि निम्मा अंगाला. काकीने तिच्या परसातला झेंडू दिला होता, टोपलीभर, "तुमच्यात चालतो ना?" असं दोनदा विचारून. मार्थाच्या कबरेवरची माती आता बसली होती, वरून भेगाळली होती. कृपा तिच्याजवळ गेली आणि फुलं ठेवण्याआधी तिने दोन्ही तळवे मातीवर दाबले. थोडा वेळ तसेच ठेवले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुकलंय, बाई."

मला आधी कळलं नाही. मग ते बादल्यांनी उपसलेलं पाणी आठवलं. ती तीन महिने तेही मनात वागवत होती.

दुसऱ्या दिवशी स्मरणाचा रविवार. गेलेल्यांची नावं वाचताना कृपाने आईचं नाव वाचलं. आवाज लहान निघाला, पण निघाला. आमच्या यांचंही नाव होतं यादीत. दरवर्षी असतं, आणि दरवर्षी मी ते ऐकताना पर्समध्ये काहीतरी शोधत असते. त्या वर्षी नाही शोधलं. नुसती बसून ऐकलं.

पण खरी परीक्षा त्यापुढच्या रविवारी होती, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. गेलेल्यांचं नाव घेणं एक. जिवंत माणसाचं नाव देवाच्या हाती देणं वेगळं. शमुवेल पहाटेच टेम्पो घेऊन घाटात गेला होता. पाळकसाहेब आलेले होते, त्यामुळे सगळे जरा नीटनेटके बसले होते. कृपा वही घेऊन उभी राहिली. नवं पान होतं, नावं तिनेच लिहिली होती, त्यात बापाचंही. तिने तीन-चार नावं वाचली आणि थांबली. मी मनात म्हणत होते, नको वाचूस, राहू दे, काही बिघडत नाही. तिने वर पाहिलं, वेदीकडे नाही, सरळ छपराकडे, एखाद्या मोठ्या माणसाला बजावून सांगावं तसं.

"शमुवेल, घाटात," तिने वाचलं. "प्रभू, हे नुसतं ऐकायला सांगितलंय. न्यायला नाय."

पाळकसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मग मागच्या बाकावरून कोणीतरी पुरुषाच्या जाड, भरलेल्या आवाजात आमेन म्हटलं, आणि मग सगळ्यांनीच म्हटलं. दुपारी घाटमाथ्यावरून शमुवेलचा फोन आला. तिने तो घेतला, "जेवलास का?" विचारलं आणि मोबाईल ठेवून खेळायला गेली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. कृपा आता नववीत आहे. वाढलीये, मुरुमांची काळजी करते, आईसारखीच बेसूर गाते. मी शब्बाथशाळा सोडायचं दरवर्षी म्हणते. एसटीची पायरी चढवत नाही, आवाज पोचत नाही, आणि खरं सांगायचं तर नवीन मुलांच्या जुन्या प्रश्नांपुढे उभं राहायची ताकद राहिलेली नाही. हल्ली धडा बराचसा तीच घेते. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून आल्याच्या वड्या वाटते. मुलं विचारतात आणि ती, मला कधी जमलं नाही इतक्या सहज, म्हणते, "ते मला माहीत नाय."

वही तीच आहे. पानं संपली तेव्हा तिने मागे दुसरी वही शिवून जोडली. मी सही केलेलं ते पान आत आहे, काडी धरून मारलेल्या रेघेसह, रेघ थोडी वाकडीच. या महिन्यात माझं नाव पुन्हा वहीत आलंय: बाई, दुसरा गुडघा. डॉक्टर म्हणतात वय झालंय, जपून. गेल्या रविवारी कृपाने नावं वाचली. बाकीची सगळी एका दमात. माझ्यापाशी आली आणि थांबली. मग छपराकडे पाहून तिने ते वाक्य म्हटलं, नुसतं ऐकायला, न्यायला नाय.

मी आमेन म्हटलं, सगळ्यांच्या आधी.